वाचकांचे प्रश्न : लबाडी सिद्ध झाली नसताना शोधनिबंध मागे का घेतात?

प्रश्न : कर्करोगावरील एक शोधनिबंध ‘आकडेवारीवर विसंबता येत नाही’ एवढ्याच कारणाने नियतकालिकाने मागे घेतल्याचे वाचले. लबाडी सिद्ध झालेली नसताना हा संशोधकांवर अन्याय नव्हे का?

उत्तर : आपली शंका स्वाभाविक आहे, पण निबंध मागे घेणे ही शिक्षा नसते. चूक प्रामाणिक असो वा मुद्दाम केलेली, निष्कर्ष भरवशाचे उरले नाहीत हे स्पष्ट झाले की तसे जाहीर करणे संपादकांचे कर्तव्यच असते. दोष कोणाचा, हे ठरवण्याचे काम संस्थेच्या चौकशीचे असून तिला अनेकदा वर्षे लागतात. शंका असली आणि पुरावा अपुरा असला, तर निबंध तसाच ठेवून त्यावर सावधगिरीची सूचना लावण्याचीही सोय आहे.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे प्रकरण पाहा. ट्यूमरमधील जनुकांवरून कोणत्या रुग्णाला कोणते केमोथेरपीचे औषध लागू पडेल हे आधीच सांगता येते, असा दावा करणारा निबंध २००६ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी ती आकडेमोड मुळापासून करून पाहिली, तेव्हा जनुकांच्या यादीतील नावे एका ओळीने सरकलेली आढळली. म्हणजे मोजमाप एका जनुकाचे आणि नाव शेजारच्या जनुकाचे. काही ठिकाणी तर ‘औषधाला दाद देणारे’ आणि ‘दाद न देणारे’ या खुणांचीच अदलाबदल झालेली होती. खुणा उलटल्या की लागू न पडणारे औषधच योग्य म्हणून पुढे येऊ शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे या चुकीला कारकुनी म्हणवत नाही. त्यांचे आक्षेप २००७ साली त्याच नियतकालिकात छापून आले. तरीही या पद्धतीवर आधारलेल्या चाचण्या सुरू झाल्या, मध्यंतरी थांबवून पुन्हा चालू करण्यात आल्या आणि २०१० मध्ये कायमच्या बंद झाल्या. निबंध मागे घेतला गेला तो जानेवारी २०११ मध्ये, आणि संशोधकाने गैरवर्तन केल्याचा सरकारी निष्कर्ष यायला २०१५ उजाडले. तो येईपर्यंत निबंध तसाच ठेवायला हवा होता, असे आपण म्हणाल का? मला तर २०११ हेसुद्धा फार उशिराचे वाटते.

कधी बनावट उघडच दिसते. ‘लॅन्सेट’ने २००५ साली छापलेल्या, तोंडाच्या कर्करोगावरील एका नॉर्वेजियन निबंधातील ९०८ जणांची माहिती रचलेली निघाली, त्यांपैकी २५० जणांची जन्मतारीख एकच होती. अशी ढळढळीत खूण क्वचितच सापडते.

प्रामाणिक संशोधकाच्या नावाला लागणाऱ्या बट्ट्याची आपली काळजी मात्र रास्त आहे. म्हणूनच निबंध मागे घेताना कोणती चूक झाली, ती कोणी दाखवून दिली आणि लेखक सहमत आहेत की नाहीत, हे सूचनेत स्पष्ट छापले पाहिजे. ‘काही त्रुटींमुळे’ एवढेच मोघम लिहिले की वाचक सगळ्यांनाच लबाड समजतात.