न्यायालयाचा खर्च कोण उचलतं?

वाचकांचे प्रश्न. या महिन्याचा विषय: कोर्टं आणि सरकारी पैसा. उत्तरं देताहेत विधी व न्याय विभागातून निवृत्त झालेल्या एक अवर सचिव.

प्रश्न: ताई, मी एलएलबी करून तालुक्याच्या कोर्टात सीनियरकडे जातो. पक्षकार तारखा घेऊन घेऊन दमतात. वकिलीपेक्षा कोर्टं सुधारण्याच्या, म्हणजे राज्याच्या धोरणाच्या कामात मला रस आहे. तिथे नेमकं काय काम असतं? शिरायचं कुठून?
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर: परिसंवाद आणि अहवाल असतातच रे, पण खरं भांडण पदांच्या आकृतिबंधावर, म्हणजे कुठल्या कोर्टाला कोणती आणि किती पदं यावर होतं. नवीन कोर्ट मंजूर झालं की पेपरात न्यायाधीशाच्या पदाची बातमी येते. न्यायाधीश एकटा बसून काय करणार? लघुलेखक नसेल तर साक्ष कोण उतरवणार, लिपिक नसेल तर प्रकरण बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, कोण घेणार, आणि बेलिफ नसेल तर समन्स गावात कोण नेणार?

बेलिफचंच सांगते. एका तालुक्यात कनिष्ठ स्तराचं दुसरं न्यायालय हवं होतं. प्रस्तावात बेलिफची जादा पदं मागितली होती. छाननीत शेरा आला: तालुक्यातली गावं वाढलेली नाहीत, सबब बेलिफ वाढवण्याचं प्रयोजन दिसत नाही. वाचायला अगदी बिनतोड! मी त्या कोर्टाच्या नाझराकडून, म्हणजे बेलिफांचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडून, समन्स बजावणीच्या नोंदवहीचे उतारे मागवले. न बजावता परत आलेल्या समन्सांवर ठरलेले शेरे असतात: ‘इसम घरी मिळून आला नाही’, ‘पत्ता अपुरा’, ‘गाव सोडून गेला’. इथे मात्र पानामागून पान एकच शेरा होता, ‘तारखेपूर्वी बजावणी होऊ शकली नाही’. म्हणजे समन्स घेऊन कोणी गेलंच नव्हतं. गावं तेवढीच होती, पण दावे वाढले होते, आणि लांबच्या वाड्यांना एसटी दिवसातून एकदा जायची. त्या शेऱ्यांची मोजदाद करून अर्ध्या पानाचा तक्ता टिपणीला जोडला. पदं मिळाली. तुझे पक्षकार ज्या तारखांना दमतात, त्यांतल्या किती ‘समन्स बजावून आले नाही’ म्हणून पडल्या, ते रोजनामा, म्हणजे प्रकरणाची तारीखवार नोंद, उघडून बघ. या कामाची पहिली शिकवणी तीच.

आता पैशाची वाट. संविधानाच्या अनुच्छेद २३५ प्रमाणे खालच्या न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं. पैसा मात्र राज्य सरकारचा. उच्च न्यायालयाचा स्वतःचा प्रशासकीय खर्च अनुच्छेद २२९ नुसार राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असतो, त्यावर विधिमंडळात मतदान होत नाही. तुझ्या तालुका कोर्टाचा खर्च मात्र इतर खात्यांसारखा अनुदानाच्या मागणीत येतो आणि मतदानाला पडतो. प्रस्ताव प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडून उच्च न्यायालयात, तिथून आमच्या विभागात, मग वित्त विभागात, पदं असली तर मुख्य सचिवांच्या उच्चस्तरीय समितीपुढे, असा फिरतो. शासन निर्णयाच्या शेवटी ‘वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये दिलेल्या सहमतीनुसार’ असं वाक्य असतं. शासन निर्णय हातात आला की मी आधी तेच शोधते. ते नसेल तर आनंद जरा थांबवून ठेवायचा.

शिवाय एका कोर्टाचे मालक अनेक. इमारत सार्वजनिक बांधकाम विभागाची, सहायक सरकारी अभियोक्ता गृह विभागाचा, न्यायवैद्यक प्रयोगशाळाही गृहचीच. आम्ही फौजदारी कोर्ट वाढवलं आणि तिकडे अभियोक्त्याचं पद वाढलं नाही, की न्यायाधीश तयार असूनही सरकारतर्फे बोलायला माणूस नाही. म्हणून या कामात दुसऱ्या खात्याच्या फायलीवर लक्ष ठेवणारा माणूस सोन्याच्या भावाचा.

केंद्राचा पैसा येतो, पण तो बहुतेक विटा-सिमेंटचा. १९९३-९४ पासून न्यायालयीन पायाभूत सुविधांची केंद्र पुरस्कृत योजना आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी सध्या केंद्राचे साठ टक्के आणि राज्याचे चाळीस, असा हिस्सा आहे. कोर्ट हॉल, न्यायाधीशांची निवासस्थानं, अलीकडे वकिलांचे हॉल आणि स्वच्छतागृहंही त्यात बसतात. पगार राज्याने द्यायचा. मुदतीच्या पैशावर कायमचं काम उभं केलं की काय होतं, याचे दोन दाखले तोंडपाठ ठेव. केंद्राचा पैसा राज्यांना कसा वाटायचा हे वित्त आयोग सुचवतो. अकराव्या वित्त आयोगाने २००० साली १,७३४ जलदगती न्यायालयांसाठी ५०२.९० कोटी दिले. केंद्राची मदत मुदतवाढी घेत घेत ३१ मार्च २०११ ला संपली, आणि पुढचं राज्यांच्या गळ्यात आलं. तेराव्या आयोगाने २०१०-१५ साठी न्यायव्यवस्थेला ५,००० कोटी ठेवले. त्यातले निम्मे, २,५०० कोटी, सकाळ-संध्याकाळच्या आणि पाळीच्या कोर्टांसाठी होते. दिवसभर कोर्ट करून तोच न्यायाधीश, तोच वकील, तोच शिपाई संध्याकाळी पुन्हा कुठून आणायचा? ठिकठिकाणी वकिलांनीच विरोध केला. एकूण पैशातला मोठा भाग वापरलाच गेला नाही. याच निधीत ३०० कोटी ‘कोर्ट मॅनेजर’, म्हणजे न्यायाधीशांना कोर्टाच्या व्यवस्थापनात मदत करणारी माणसं, नेमायला होते. एमबीए झालेली मुलं-मुली लागली, २०१५ ला अनुदान संपलं आणि त्यांच्या नोकऱ्या कुठे टिकल्या, कुठे गेल्या, कुठे लोंबकळल्या. शेवटी १६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना सांगितलं, की नियम करा आणि काम करत असलेल्यांना कायम करा. माझं मत विचारशील तर कोर्ट मॅनेजरची कल्पना उत्तम होती. तिला पाच वर्षांच्या अनुदानावर टांगली, तिथे घोटाळा झाला.

शिरायचं कुठून? एमपीएससीतून सहायक कक्ष अधिकारी म्हणून मंत्रालयात आलास तर फाईल आतून दिसेल, पण विभाग तुझ्या आवडीचाच मिळेल असं नाही. मुख्यमंत्री फेलोशिपची जाहिरात निघाली की अर्ज कर. बाहेरून करायचं तर दिल्लीची विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी, बंगळूरची दक्ष या संस्था याच विषयात आहेत. न्यायव्यवस्थेच्या कामावरून राज्यांना क्रमांक देणारा ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’ चाळ. २०१९ आणि २०२० ला त्यात आपला पहिला नंबर होता, पुढे कर्नाटक वर गेलं. सीनियरला सोडू मात्र नकोस. कोर्टाचा दिवस कसा जातो हे ज्याने पाहिलेलं नाही, त्याच्या टिपण्या लगेच ओळखू येतात. आणि अर्थसंकल्पात मुख्य लेखाशीर्ष क्रमांक २०१४ (हे साल नव्हे, खर्चाच्या सदराचा क्रमांक), ‘न्यायदान’, काढून गेल्या पाच वर्षांचे आकडे एका कागदावर मांड. वर्षाच्या सुरुवातीचा अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन रकाने कर. प्रश्न आपोआप पडतील.

प्रश्न: शेतीच्या वाटपाच्या दाव्यात मी रीतसर कोर्ट फी भरली. आमच्या कोर्टात बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही, माझी सून तारखेच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही. आमची फी जाते कुठे? कोर्टाने स्वतःची फी स्वतःकडे ठेवली तर हे प्रश्न सुटणार नाहीत का?
— निवृत्त शिक्षक, सांगोला

उत्तर: गुरुजी, तुमची फी राज्याच्या एकत्रित निधीत जाते, तुमच्या कोर्टाच्या गल्ल्यात नाही. दर १९५९ च्या कोर्ट फी कायद्यातले. जानेवारी २०१८ च्या दुरुस्तीने कमाल मर्यादा ३ लाखांवरून १० लाखांवर नेली. जाता जाता: पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसा आणि घटस्फोट यांत महिलांना १९९४ पासून फी माफ आहे. सूनबाई स्वतः दावेदार असत्या तर हे उपयोगी पडलं असतं. आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली फी परत मिळते, वकिलांना विचारून ठेवा.

फी कोर्टाकडेच ठेवायची कल्पना ऐकायला रास्त वाटते, मला ती पटत नाही. अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या फर्ग्युसन गावाचं बघा. तिथल्या नगर न्यायालयाच्या दंडाचा गावाच्या अंदाजपत्रकाला मोठा आधार होता. मार्च २०१५ मध्ये त्यांच्या केंद्रीय न्याय खात्याने अहवाल काढून दाखवलं, की पोलीस आणि कोर्ट दोघंही वसुलीच्या मागे होते, आणि त्यात भरडले जात होते मुख्यतः कृष्णवर्णीय लोक. त्याच वर्षी मिझुरीने अशा उत्पन्नावरची मर्यादा कायद्याने कडक केली. ज्या कोर्टाचा पगार वसुलीतून निघतो, तिथे तुमच्या बाजूने निकाल लागेल याची खात्री कशी धरायची? शिवाय मुंबईच्या व्यापारी दाव्यांची कोर्टं श्रीमंत होतील आणि पोटगीची प्रकरणं चालवणारी भिकेला लागतील.

स्वच्छतागृहाचं दुखणं देशभराचं आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला सरन्यायाधीश रमणा यांनी आकडा दिला होता: देशातल्या २६ टक्के कोर्ट संकुलांत महिलांसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही. १५ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्रत्येक कोर्टात पुरुष, महिला, दिव्यांग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी स्वतंत्र सोय हवी, राज्याने त्यासाठी पैसा द्यावा आणि उच्च न्यायालयाने समिती नेमावी. तुमच्या बार असोसिएशनने त्या निकालाचा हवाला देऊन प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे लेखी मागणी करावी. बांधकामाबरोबर पाण्याची जोडणी आणि रोजच्या सफाईचा खर्चही त्याच पत्रात मागा. नाहीतर खोली बांधली जाते आणि कुलूप लागतं. पत्रावर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका. दोन महिन्यांत हालचाल नसेल तर माहितीच्या अधिकारात प्रस्ताव कोणत्या टेबलावर आहे ते विचारा.

प्रश्न: कोर्टांच्या इमारतींसाठी राष्ट्रीय महामंडळ होणार होतं, त्याचं काय झालं?
— एक वाचक, पुणे

उत्तर: झालं नाही. औरंगाबादच्या त्याच कार्यक्रमात रमणा यांनी ही मागणी केली होती. ३० एप्रिल २०२२ च्या मुख्यमंत्री आणि मुख्य न्यायमूर्तींच्या परिषदेत मुख्यमंत्र्यांचा कल राज्य पातळीवरच्या यंत्रणेकडे गेला. मला ते बरं वाटलं. सांगोल्याच्या नळाची तक्रार घेऊन दिल्लीला कोण जाणार?