इमॅन्सिपेशन : मुळात गुलामाचे नव्हे, मुलाचे

‘इमॅन्सिपेशन’चा मूळ अर्थ गुलामांची मुक्तता हाच का, आणि मराठीत त्याला काय म्हणावे, असा प्रश्न आहे. गुलाम मोकळा करण्याला रोमन लोक ‘मानुमिस्सिओ’ म्हणत. ‘एमांकिपातिओ’ व्हायची ती घरच्या मुलाची.

लॅटिनमध्ये ‘मानुस’ म्हणजे हात, ‘कापेरे’ म्हणजे घेणे. त्यावरून ‘मांकिपिउम’, म्हणजे हाती धरून मिळवलेली मालकी. ‘ए’ म्हणजे बाहेर. जोडशब्दात ‘काप’चा ‘किप’ होतो, इंग्रजी उच्चारात ‘सिप’. ‘पार्टिसिपेट’मध्ये हाच धातू आहे, आणि गंमत म्हणजे ‘रेसिपी’तही.

रोममध्ये बाप हयात असेतो चाळिशीतला मुलगाही त्याच्या सत्तेखाली असे. त्याच्या नावावर काही नसे. इ.स.पू. 450च्या सुमाराच्या बारा पाट्यांच्या कायद्यात एक कलम होते : बापाने मुलाला तीनदा विकले, तर मुलगा बापापासून मोकळा. कायदेपंडितांनी त्यातून मुलाला मुद्दाम मोकळे करण्याची वाट काढली. पाच प्रौढ रोमन नागरिक साक्षीला, एक तराजूवाला. बापाचा विश्वासू मित्र मुलाला धरून तराजूवर तांब्याचा तुकडा वाजवी आणि ‘विकत’ घेई. मग त्याला मोकळे करी. मुलगा पुन्हा बापाच्या सत्तेत. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्या विक्रीनंतर मात्र मित्राने मुलाला बापाकडे परत द्यायचे आणि बापाने स्वतः मोकळे करायचे. हे राहिले, तर मोकळे करणाऱ्याचे वारसाहक्क मित्राकडे जात. मुलगी किंवा नातू असेल तर एकच विक्री पुरे. हा सारा खटाटोप सम्राट जस्टिनियनने इ.स. 531मध्ये रद्द करून अधिकाऱ्यासमोरचे निवेदन पुरेसे ठरवले.

पुढे अर्थ पसरला. 1829मध्ये ब्रिटनमधल्या कॅथलिकांना संसदेचे दार उघडले, 1861मध्ये रशियातले भूदास सुटले, 1863मध्ये अमेरिकेत गुलाममुक्तीचा लिंकनचा जाहीरनामा आला. तिन्ही ठिकाणी हाच शब्द.

मराठीत एकच प्रतिशब्द सगळीकडे चालवू नये. नुसती ‘मुक्ती’ मोक्षाकडे ओढते, म्हणून कशापासून ते जोडावे : दास्यमुक्ती, स्त्रीमुक्ती. जोतीराव फुल्यांनी 1873मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, तिथे ‘दास्यत्वापासून मुक्त’ असेच आहे. ‘मुक्तता’ म्हटले की कोर्ट आठवते. ‘उद्धार’ मला अजिबात पटत नाही; त्यात करणारा वर आणि होणारा खाली. अमेरिकी कायद्यात अल्पवयीन मुलांचेही ‘इमॅन्सिपेशन’ होते; त्यासाठी ‘पालकांच्या ताब्यातून मोकळीक’ हे लांबलचक असले तरी मूळ अर्थाच्या सर्वांत जवळचे आहे.