रोपवे नेमका चालतो कसा, आणि दोर तुटला तर काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुढच्या महिन्यात आईला रायगडावर न्यायचंय, गुडघ्यांमुळे पायऱ्या चढणं तिला शक्य नाही, आणि रोपवेचं नाव काढलं की ती म्हणते, "तो दोर तुटला म्हणजे?" तिला समजवायचं तर आधी हे यंत्र चालतं कसं ते तुम्हाला समजून घ्यायचंय.

मी बावीस वर्षं कारखान्यांतल्या क्रेनच्या देखभालीत काढली. रोपवेवर नोकरी केलेली नाही, पण वायर रोप, पुली, ब्रेक आणि मोटर ही मंडळी दोन्हीकडे तीच असतात. आईंचा प्रश्न मला फार योग्य वाटतो. रोपवे बांधणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरने गेली शंभर-सव्वाशे वर्षं स्वतःला हाच प्रश्न विचारलेला आहे, आणि रोपवेत जे जे दिसतं त्यातलं निम्मं त्याच्या उत्तरासाठी बसवलेलं असतं.

आधी एक गोष्ट. "तो दोर" असं आपण म्हणतो, पण रायगडासारख्या रोपवेत दोर एक नसतो. एक असतो ट्रॅक रोप. तो जाड, ताणलेला, जागचा न हलणारा. केबिनच्या डोक्यावरची चाकं त्याच्यावरून आगगाडी रुळावरून जावी तशी धावतात. केबिनचं वजन तो पेलतो. दुसरा हॉल रोप, म्हणजे ओढणारा. तो त्यामानाने बारीक असतो आणि सतत हलतो. केबिनला वर-खाली नेण्याचं काम त्याचं. तेव्हा तुटला म्हणजे कुठला तुटला, इथून सुरुवात करावी लागते.

रायगडाचा रोपवे १९९६ साली सुरू झाला. खालचं स्टेशन हिरकणीवाडीला आहे. याला जिगबॅक पद्धत म्हणतात आणि ती समजायला विहिरीवरचा रहाट आठवा, ज्याला दोन्ही टोकांना पोहरे आहेत. एक भरलेला वर येतो तेव्हा दुसरा रिकामा खाली जातो. रोपवेतही एका बाजूची केबिन वर जाते तेव्हा दुसऱ्या बाजूची खाली येते, दोन्ही एकाच हॉल रोपने बांधलेल्या. बरोबर मध्यावर त्या एकमेकींना ओलांडतात. याचा फायदा मोठा आहे. समजा दोन्हीकडच्या केबिन प्रत्येकी ५०० किलोच्या आहेत, वर जाणारीत ३०० किलोची माणसं आहेत आणि खाली येणारीत २०० किलोची. मोटरला ८०० किलो उचलावे लागत नाहीत. फरक फक्त १०० किलोचा, अधिक चाकांचं घर्षण. संध्याकाळी गड उतरणाऱ्यांची गर्दी असते आणि वर जाणारं कोणी नसतं, तेव्हा तर उलटंच होतं: उतरणारं वजनच वर जाणाऱ्या केबिनला ओढतं आणि मोटरला धरून ठेवण्याचं काम करावं लागतं.

हा हॉल रोप क्रेनसारखा ड्रमवर गुंडाळला जातो असं पुष्कळांना वाटतं. बहुतेक रोपवेंत तसं नसतं. स्टेशनात एक भलं मोठं चाक असतं, त्याच्या खाचेत रबरासारख्या मटेरियलचं अस्तर बसवलेलं असतं आणि दोर त्याला नुसता अर्धा वळसा घालून जातो. दोन्ही बाजूंनी ताण असल्यामुळे घर्षणानेच पकड बसते. ते चाक इतकं मोठं का? कारण वायर रोप वाकवला की आतल्या तारा थकतात. लहान चाकावर वारंवार वाकवला तर तो बाहेरून धडधाकट दिसत असतानाच आतून मरायला लागतो. म्हणून चाकाचा व्यास साधारणपणे दोराच्या जाडीच्या ऐंशीपट तरी ठेवतात.

आता दोराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आईंची भीती तिथे आहे आणि माझी निम्मी नोकरीही तिथेच गेली.

वायर रोप ही एक तार नव्हे. माझ्या क्रेनवर जो दोर होता त्यात मधल्या गाभ्याभोवती सहा पेड होते आणि प्रत्येक पेडात छत्तीस तारा, म्हणजे एकूण २१६. प्रत्येक तार माइल्ड स्टीलच्या चौपट ताकदीची. हा प्रकार जर्मनीतल्या हार्ट्स डोंगरातल्या खाणींत जन्मला. १८३४ साली विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या खाण अधिकाऱ्याने तो तिथे वापरात आणला. त्याआधी खाणीत साखळ्या असत, आणि साखळीची एक कडी गेली की सगळं गेलं, पूर्वसूचना नाही. तारांच्या दोरात एक तार तुटली तर बाकीच्या भार वाटून घेतात. दोर आपल्या म्हातारपणाची खबर आधी देतो, फक्त ती ऐकणारा माणूस हवा.

ती खबर आम्ही हाताने घ्यायचो. सुट्टीच्या दिवशी क्रेन बंद, मुठीत कॉटन वेस्टचा गोळा, आणि दोर अगदी हळू चालवायचा. कुठे बारीक तार तुटून वर आली असेल तर कापसाचा धागा तिथे अडकून राहतो. त्या जागी खडूची खूण, मग चिंध्यांनी ग्रीस पुसायचं, एका पिळात किती तारा तुटल्यात ते मोजायचं, कॅलिपरने जाडी घ्यायची, वहीत लिहायचं, पुन्हा कार्डियम कंपाउंड चोपडायचं. नखात गेलेलं ते काळं कंपाउंड सोमवारपर्यंत निघत नसे. ठरलेल्या आकड्याच्या वर तारा तुटलेल्या निघाल्या की दोर बाद, मग तो दिसायला कितीही चांगला असो.

रोपवेच्या दोरासाठी याहून चांगली सोय आहे. दोराच्या एका तुकड्याला चुंबकत्व देत एक यंत्र त्याच्यावरून सरकवतात. आत कुठे तार तुटलेली असेल तर तिथे चुंबकीय क्षेत्र गळतं आणि आलेखावर टोक उमटतं. डोळ्यांना न दिसणारं आतलं दुखणं असं सापडतं. ट्रॅक रोपची घडणही वेगळी असते: त्याच्या बाहेरच्या तारा इंग्रजी झेड अक्षरासारख्या आकाराच्या असून एकमेकींत अडकतात, त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत राहतो आणि पावसाचं पाणी सहज आत शिरत नाही. सह्याद्रीतल्या पावसाळ्यात याचं मोल किती ते सांगायला नको. आणि ज्या रोपवेंत दोराची अखंड माळ लागते तिथे दोन टोकांना गाठ नसते. पेड उलगडून एकमेकांत विणतात, आणि ही वीण दोराच्या जाडीच्या सुमारे १२०० पट लांब असते. ४० मिलिमीटरच्या दोराला जवळजवळ ४८ मीटर! हे करणारे कारागीर जगात मोजकेच असतात आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

लोकांना आणखी एका गोष्टीची भीती वाटते: दोर मधे एवढा झोळ खाल्लेला का दिसतो? ढिला झालाय का? तो झोळ मुद्दाम ठेवलेला असतो. वाळत घालायच्या दोरीवर ओली चादर टाकून बघा. दोरी जेवढी ताठ बांधाल तेवढे दोन्हीकडचे खिळे उपटायची शक्यता जास्त. आकड्यांत सांगतो. दोन खांबांत १०० मीटर अंतर आहे आणि बरोबर मधे १ टन वजन टांगलंय. दोर ५ मीटर खाली झुकू दिला तर त्यात सुमारे ५ टन ताण येतो. १ मीटरच झुकू दिला तर तोच ताण २५ टन होतो. झोळ म्हणजे दोराला दिलेली उसंत आहे.

हा ताण कायम एकसारखा ठेवायची जी युक्ती आहे, ती मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते. लेओनार्दो तोरेस केवेदो या स्पॅनिश इंजिनिअरने १९०७ साली सान सेबास्तियनजवळ उलिया डोंगरावर एक रोपवे उभारला. त्याने केबिन एका दोरावर न ठेवता सहा समांतर दोरांवर ठेवली. प्रत्येक दोराचं एक टोक पक्कं बांधलं आणि दुसरं टोक पुलीवरून घेऊन त्याला स्वतंत्र वजन टांगलं. आता दोरातला ताण कोण ठरवतं? ते टांगलेलं वजन. केबिनमध्ये दोन माणसं असोत की वीस, ताण तेवढाच राहतो, फक्त दोर थोडा अधिक झुकतो. आणि समजा सहातला एक तुटला, तरी उरलेल्या पाचांतला ताण वाढत नाही, कारण त्यांची वजनं तीच आहेत. केबिन जरा खाली येते, बस. आईंच्या प्रश्नाचं उत्तर त्या माणसाने एकशे अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी असं देऊन ठेवलं. नायगाऱ्याच्या भोवऱ्यावरून जाणारी त्याची १९१६ ची केबल कार याच तत्त्वावर आहे आणि अजून चालते.

आता हॉल रोप तुटला तर? तेव्हा केबिन ट्रॅक रोपवर लटकलेली असते, पडत नाही, पण उतारावरून मागे घसरू शकते. म्हणून बऱ्याच रोपवेंत केबिनच्या डोक्यावरच्या चाकांच्या गाड्यालाच एक ब्रेक असतो. तो ट्रॅक रोपला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरतो. यातली खुबी अशी की हा चिमटा स्प्रिंगने बंद होतो आणि तेलाच्या दाबाने उघडा ठेवलेला असतो. हॉल रोपचा ताण गेला, दाब गेला, की ब्रेक आपोआप लागतो. आपल्या क्रेनचा थ्रस्टर ब्रेकही असाच असतो: वीज असेल तोवर उघडा, वीज गेली की बंद. रेल्वेचा एअर ब्रेकही हाच विचार करतो. लाइट गेली तर केबिन खाली येईल का, असं आईंनी विचारलं तर सांगा, लाइट गेली की आधी ब्रेक लागतो. मग डिझेल इंजिनावर केबिन हळूहळू स्टेशनात आणतात.

पुढचा भाग प्रवासाआधी आईंना सांगायची गरज नाही, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय उत्तर प्रामाणिक होणार नाही. २३ मे २०२१ रोजी इटलीत, स्ट्रेसाहून मोत्तारोने डोंगरावर जाणाऱ्या रोपवेचा हॉल रोप वरचं स्टेशन अगदी जवळ आलं असताना तुटला. ट्रॅक रोप शाबूत होता. गाड्यावरचा ब्रेक लागला असता तर केबिन तिथेच थांबली असती. पण तो ब्रेक काही दिवस सारखा आपोआप लागून गाडी अडवत होता, म्हणून तो लागूच नये यासाठी चिमट्यात लोखंडी काटे अडकवून ठेवले होते. केबिन मागे धावत सुटली आणि खांबाजवळ दोरावरून उडाली. १४ माणसं गेली. पाच वर्षांचा एक मुलगा तेवढा वाचला.

ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण असा काटा मी पाहिलेला आहे. एका कारखान्यात क्रेनचा वरचा लिमिट स्विच, म्हणजे हूक फार वर गेला की मोटर बंद करणारा, वरचेवर ट्रिप होत होता. तो का ट्रिप होतोय हे शोधायचं सोडून कुणीतरी त्या स्विचचा दांडा लाल वायरच्या तुकड्याने बांधून टाकला. तीन दिवस काम सुरळीत चाललं. चौथ्या दिवशी हूक वर जात राहिला, ड्रमला भिडला, दोर तुटला आणि दीडशे किलोचा हूकचा ब्लॉक खाली आला. जेवणाची सुट्टी नुकतीच सुरू झाली होती, खाली कोणी नव्हतं. काँक्रीटमध्ये पडलेला खड्डा पुढे बुजवला, पण तिथून जाताना मी कायम वळसा घालत असे. त्या दिवसापासून कुठलंही यंत्र बघताना दोर किती जाड आहे याआधी मी हे बघतो, की धोक्याची सूचना देणारी वस्तू कुणी बांधून तर ठेवलेली नाही.

गोंडोला हा वेगळा प्रकार आहे, गुलमर्गला किंवा २०२० मध्ये सुरू झालेल्या गिरनारच्या रोपवेवर दिसतो तो. तिथे एकच फिरता दोर केबिनला पेलतोही आणि ओढतोही. केबिन दोराला स्प्रिंगच्या चिमट्याने धरते, स्टेशनात आली की एका पट्टीवर घासून चिमटा उघडतो, केबिन दोर सोडते, रबरी टायरांच्या रांगेवर मंदावत माणसांच्या चालीने पुढे सरकते, आणि बाहेर पडताना पुन्हा दोराच्या वेगाला येऊन त्याला धरते. सप्तशृंगीला आहे ती फनिक्युलर ट्रॉली, ती रुळांवरून जाते. तिथे अधांतरी काही नसतं.

रायगडासाठी दोन-तीन गोष्टी सांगतो. वारा जोराचा असेल तर रोपवे थांबवतात. तासभर बसावं लागलं तरी कुरकुर करू नका, थांबवणारा माणूस आपलं काम नीट करतोय. पावसाळा टाळता आला तर टाळा. सकाळी लवकर जा, म्हणजे आईंना रांगेत उभं राहावं लागणार नाही. वर उतरल्यावरही पायऱ्या आणि चढ-उताराची चाल आहेच, तेव्हा हातात काठी असू द्या.

केबिनमध्ये आईंना डोंगराकडे तोंड करून बसवा, दरीकडे नको. वाटेत एखादा हिसका बसला तर पोटात कालवतं. हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या दचकणार नाहीत. आणि अर्ध्या वाटेवर समोरून दुसरी केबिन येईल, तिच्यातली माणसं बहुधा हात हलवतील. तेव्हा आईंना सांगा, ती माणसं खाली चालली आहेत म्हणून आपण वर चाललोय.