पहिले माठ समजून घे, मग हॉजकिन-हक्सले

बाबू, न्यूरॉन म्हणजे चेतापेशी कॉम्प्युटरवर चालवून पाहायची, तर तू थेट १९५२ च्या हॉजकिन-हक्सले मॉडेलवर उडी मारलीस, म्हणून अडकलास. चार डिफरन्शियल समीकरणं, तीही स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड ॲक्सॉनवरून (न्यूरॉनच्या लांब तंतूवरून) काढलेली. ती राहू दे सध्या.

आधी गळका इंटिग्रेट-अँड-फायर हे न्यूरॉनचं सोपं मॉडेल लिही. मूळ कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ लापिकची, १९०७ ची. पाझरणारा माठ समज. वरून सिग्नल पडतात, खालून गळत राहतं, पाणी काठाला लागलं की स्पाइक, म्हणजे न्यूरॉनचा विजेचा ठोका, अन् माठ रिकामा. पायथॉनच्या वीस ओळीत होते. आमच्याकडची लाइन जायच्या आत तर नक्कीच.

आता हे कागदावर कर. गळतीचा टाइम कॉन्स्टंट (गळून साधारण ३७ टक्के उरायला लागणारा वेळ) २० मिलिसेकंद, थ्रेशोल्ड (माठाचा काठ) विश्रांतीच्या व्होल्टेजपेक्षा १५ मिलिव्होल्ट वर, दर सिग्नलची उडी १० ची. दुसरा सिग्नल ५ मिलिसेकंदांनी आला, तर पहिल्यातले ७.८ उरलेले असतात, बेरीज १७.८, स्पाइक पक्की. तोच ४० नं आला, तर उरतात जेमतेम १.४. काहीच होत नाही! वेळ किती महत्त्वाची, ते इथंच दिसते.

हॉजकिन-हक्सलेला आलास की साध्या ऑयलर पद्धतीत (वेळेच्या छोट्या पायऱ्यांनी समीकरण सोडवायची रीत) पायरी ०.०१ मिलिसेकंद ठेव. मी ०.१ ठेवली होती. व्होल्टेज असं उधळलं, की अख्खी रात्र समीकरणातच चूक शोधत बसलो.

डेंड्राइट, म्हणजे न्यूरॉनच्या सिग्नल घेणाऱ्या फांद्या, नंतर. वावरातली ठिबकची नळी पाहिलीच आहेस, शेवटच्या झाडाला दाब कमी पडतो. दूरच्या सायनॅप्सचा (दोन न्यूरॉनमधल्या सांध्याचा) सिग्नलही तसाच सोमापर्यंत (पेशीच्या मुख्य भागापर्यंत) येता येता मंदावतो. त्याचं गणित करायला रॉल या शास्त्रज्ञाची केबल थिअरी. न्यूरॉन नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण वीस ओळी चालल्याशिवाय उतरवू नको.