कॉपी केलेला ऑब्जेक्ट ॲड करून कमिट केला तरी नवीन रो का येत नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गेस्टहाऊसच्या बुकिंगला "डुप्लिकेट" बटण द्यायचंय, म्हणून एसक्यूएल-अल्केमीने (पायथनमधून डेटाबेस वापरायची लायब्ररी) आणलेलं जुनं बुकिंग पायथनच्या कॉपी मॉड्यूलने कॉपी केलंत, तारीख बदललीत, सेशनमध्ये (ऑब्जेक्ट आणि डेटाबेसच्या मधला, बदलांची नोंद ठेवणारा) ॲड, मग कमिट, म्हणजे बदल पक्के. एरर नाही आणि नवीन रो पण नाही. मग दुसरा सेशन उघडून त्यात ॲड केलंत तर "हा ऑब्जेक्ट आधीच दुसऱ्या सेशनला जोडलेला आहे" म्हणून ओरडला. हेच, आणि वर सेशन नक्की कुठे उघडायचा, हे विचारलंत ना? (मोबाईलवरून टाईप करतेय, कोड लिहीत बसत नाही, नावं देवनागरीतच चालवून घ्या.)

मी फोंड्याला असते, छोट्या धंद्यांची बिलं-ऑर्डरींची सॉफ्टवेअरं करते, आणि हा मार मी स्वतः खाल्लाय.

आधी ते का होतं ते बघू. मॅप केलेला, म्हणजे टेबलाशी जोडलेला ऑब्जेक्ट दिसायला साधा असतो पण त्याच्या डिक्टमध्ये (ऑब्जेक्टच्या किमती ठेवायची जागा) एक छुपी गोष्ट बसलेली असते, इन्स्टन्स स्टेट नावाची, अंडरस्कोर एसए ने सुरू होणारी. हा कुठल्या टेबलातला कुठला रो, कुठल्या सेशनचा, काय बदललंय, ही सगळी नोंद तिथे. साधी कॉपी केली की डिक्टमधलं सगळं जसंच्या तसं येतं, म्हणजे ही स्टेट पण, आणि ती नवीन बनत नाही, दोन्ही ऑब्जेक्ट एकाच स्टेटकडे बोट दाखवतात. रेशन कार्डाची झेरॉक्स काढून दुकानात गेलात तर नंबर तोच, खातं तेच, दुसरं कार्ड होत नाही. तसंच हे. तुम्ही ॲड म्हणता तेव्हा सेशन स्टेट बघतो, म्हणतो हा तर माझ्याकडे आहेच, इन्सर्ट कशाला. आणि तारीख तुम्ही बदललीत ती कॉपीच्या डिक्टमध्ये, पण फ्लश करताना (साठलेले बदल डेटाबेसला पाठवताना) सेशन किमती वाचतो त्या मूळ ऑब्जेक्टच्या, तिथे जुनीच तारीख, म्हणून अपडेट पण जात नाही. एरर नाही, काम नाही, आणि माणूस दोन तास डेटाबेसला शिव्या घालत बसतो. दुसऱ्या सेशनची एरर पण त्याच स्टेटमुळे, कारण तिच्यात पहिल्या सेशनचं नाव आहे.

डीपकॉपी (आतल्या सगळ्यासकट कॉपी) करून बघू असं मनात आलं असेल तर त्या वाटेला जाऊ नका. जुन्या रोची ओळख तिथेही सोबत येते, वर लोड झालेली सगळी रिलेशन्स ओढून आणते.

इंटरनेटवर हमखास सापडणारा उपाय म्हणजे एक्स्पंज करा (सेशनमधून काढा), मग मेक-ट्रान्झिएंट (जुनी ओळख पुसा), मग आयडी नन, म्हणजे रिकामा करा, मग ॲड. हे चालतं, एकट्या-दुकट्या टेबलाला चालतं. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, ही कॉपी नव्हेच, तोच ऑब्जेक्ट जुना विसरून नवा होतो, जुना परत हवा तर परत क्वेरी मारा. दोन, जे कॉलम त्या क्षणी लोड नव्हते ते नन होऊन बसतात. आणि कमिटनंतर सेशन डिफॉल्टने सगळं एक्स्पायर करतो (लोड केलेल्या किमती टाकून देतो), म्हणजे कमिट झाल्या झाल्या हा उपाय केलात तर आख्खं बुकिंग रिकामं. तिसरं म्हणजे आत लटकलेली माणसं, म्हणजे तुमचे खोल्यांचे रो, ते आपोआप सोबत येत नाहीत.

मर्ज तर वेगळंच काम करतं. त्याच प्रायमरी की चा (रोची ओळख ठरवणारा आयडी) ऑब्जेक्ट या सेशनमध्ये आणून त्यात किमती ओततं आणि तो ऑब्जेक्ट परत देतं, तुम्ही दिलेला बाहेरच राहतो. एका सेशनमधून किंवा कॅशमधून दुसरीकडे न्यायला छान, नवीन रो बनवायला नाही.

मी काय करते? ऑब्जेक्ट कॉपी करतच नाही, किमती कॉपी करते. क्लासमध्येच एक मेथड, नवीन ऑब्जेक्ट कन्स्ट्रक्टरने बनवायचा आणि हवे ते कॉलम हाताने लिहून द्यायचे. इन्स्पेक्ट फंक्शनने क्लासच्या कॉलमांची यादी (मॅपरचे कॉलम ॲट्रिब्यूट्स) फिरवून, प्रायमरी की गाळून सगळं आपोआप भरता येतं, दिसायला हुशार दिसतं, पण मग बिल नंबर, युनिक कोड, "पैसे मिळाले"चा टिक, तयार केल्याची वेळ हे पण बिनबोभाट येतं. युनिक कॉलम असेल तर निदान डेटाबेस अडवतो, तो पैशांचा टिक कोण अडवणार? ज्या टेबलात पैसे आहेत तिथे मी यादी हातानेच लिहिते, कंटाळा आला तरी.

आता माझी फजिती सांगते, कारण खोल्यांच्या बाबतीत तुमचं हेच होणार आहे. म्हापशाकडे एक बेकरी आहे, रेस्टॉरंटांना आणि पोदेरांना (पाव विकणाऱ्यांना) माल देते. कालचीच ऑर्डर आज थोडी फिरवून घ्यायची असते, उंडे इतके, पोई इतक्या, काकणं इतकी, हे सगळे पावांचे प्रकार. मी "कालची ऑर्डर परत" बटण केलं, वरची ऑर्डर शहाण्यासारखी नवीन बनवली आणि खालच्या ओळींसाठी लिहिलं की नव्याच्या ओळी बरोबर जुन्याच्या ओळी. चाललं की! नवीन ऑर्डर भरलेली, सगळं बरोबर, मी खूश. तीन दिवसांनी बेकरीवाल्याचा फोन, बाय, कालची, परवाची, सगळ्या ऑर्डरी रिकाम्या दिसतात, महिन्याचं बिल कशावर करू? झालं असं की ओळीला आई एकच. नव्या ऑर्डरला त्याच ओळी दिल्या की त्यांची फॉरेन की (कुठल्या ऑर्डरची ओळ ते सांगणारा कॉलम) बदलते, त्या जुन्या घरातून उठून नव्या घरात जातात. ती कॉपी नव्हती, ते बिऱ्हाड हलवणं होतं. शनिवारची पोई शुक्रवारकडून उचललेली, शुक्रवारची गुरुवारकडून. शेवटी कागदाच्या चिठ्ठ्यांवरून परत भरलं सगळं, एक आख्खा रविवार गेला.

म्हणून प्रत्येक जुन्या ओळीसाठी नवीन ओळीचा ऑब्जेक्ट बनवा, माल, नग, दर द्या, ऑर्डरचा आयडी हाताने भरू नका, नव्या ऑर्डरच्या लिस्टमध्ये अपेंड करा, फ्लशला तो आपोआप भरतो आणि वरची ऑर्डर ॲड केली की ओळी पण कास्केडने, म्हणजे तिच्यामागोमाग आपोआप जातात. उलट गिऱ्हाईक कॉपी करायचा नाही, त्याचा फक्त आयडी न्या. आणि एसक्यूएल-अल्केमी १.४ वर असाल तर एक खोच आहे, अर्धवट भरलेल्या नव्या ऑब्जेक्टला गिऱ्हाईकाचा ऑब्जेक्ट जोडलात तर बॅकरेफमुळे (नात्याची उलटी बाजू आपोआप भरणारी सोय) तो नवा ऑब्जेक्ट गुपचूप सेशनमध्ये शिरतो, मध्येच एखादी क्वेरी झाली की ऑटोफ्लश (आपोआप फ्लश) होतो आणि नॉट-नल ची (कॉलम रिकामा चालत नाही अशी) एरर तुम्ही न लिहिलेल्या ओळीवर येते. जानेवारी २०२३ ला आलेल्या २.० मध्ये हे काढून टाकलंय.

सेशन कुठे उघडायचा, हा तुमचा दुसरा प्रश्न. एका रिक्वेस्टला एक, पायथनचं विथ लावून, जो उघडतो तोच कमिट करतो आणि तोच बंद करतो. कॉपी करणाऱ्या फंक्शनला सेशन पॅरामीटर म्हणून द्या, त्याने स्वतः उघडू नये आणि कमिट तर मुळीच करू नये. जुनं बुकिंग आणि नवीन बुकिंग एकाच सेशनमध्ये असलं की तुमची ती "आधीच जोडलेला" एरर येणारच नाही. फाईलच्या डोक्यावर एक ग्लोबल सेशन ठेवून सगळे थ्रेड त्यावर सोडायचे हे बंद करा, सेशन थ्रेड-सेफ नाही, आणि एका रिक्वेस्टने फ्लशमध्ये माती खाल्ली की रोलबॅक करेपर्यंत बाकीचे सगळे पेंडिंग रोलबॅकची एरर बघत बसतात.

बंद करायला विसरलात तर पावसाळ्यात कळणार नाही, गेस्टहाऊस रिकामंच असतं. डिसेंबरात नाताळच्या आठवड्यात कळेल. नेहमीच्या पूलमध्ये (डेटाबेसच्या कनेक्शनांचा साठा) डिफॉल्टने ५ कनेक्शन, वरची १०, म्हणजे पंधरा अडकली की सोळावा ३० सेकंद थांबून टाईमआऊट खातो, आणि काउंटरवर बॅग घेऊन माणूस उभा.

सेशन बंद झाल्यावर टेम्प्लेटमध्ये खोल्या वाचायला गेलात तर डिटॅच्ड इन्स्टन्सची (ऑब्जेक्ट सेशनपासून सुटलाय अशी) एरर येईल, तेव्हा सेशन उघडा ठेवायच्या मोहात पडू नका, क्वेरीतच सिलेक्ट-इन-लोड लावून खोल्या आधी आणा.

बदल केल्यावर इंजिनला एको ट्रू लावून (म्हणजे डेटाबेसला जाणारं प्रत्येक एसक्यूएल दिसतं) एकदा बटण दाबा. बुकिंगचा एक इन्सर्ट आणि खोल्यांचे इन्सर्ट दिसले पाहिजेत, खोल्यांच्या टेबलावर अपडेट दिसला तर तुम्ही माझीच चूक केलीय. तरी अडलं तर दोन्ही क्लासची व्याख्या इथे टाका, रिलेशनशिपच्या ओळींसकट, रात्री बघून सांगते.