ख्रिस्ताने मुक्त केलं, मग सेवेचं ओझं कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मैत्रीण ख्रिस्ती आहे, ‘ख्रिस्ताने आम्हाला मुक्त केलं’ असं म्हणते, आणि रविवार मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामात तर उरलेला आठवडा कुणा ना कुणाच्या आजारपणात घालवते. मग ही कसली मुक्ती? आणि तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने फुकट मिळत असेल, तर एवढी धडपड कशासाठी?

मी नगरच्या एका जुन्या मंडळीत वाढले. धर्मशास्त्राची पदवी नाही. संडे स्कूलच्या मुलांना शिकवते, एवढाच माझा अधिकार.

आधी मुक्ती कशापासून ते बघू. पौल हा पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रेषित, त्याची पत्रं बायबलच्या नव्या करारात आहेत. त्याने गलतीकरांना, म्हणजे गलतिया प्रांतातल्या मंडळ्यांना, लिहिलेलं पत्र चांगलंच तापलेल्या डोक्याने लिहिलेलं आहे. तिथल्या यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांना काही जण सांगत होते की नुसत्या विश्वासाने भागत नाही, सुंता करून घ्या, यहूद्यांचं नियमशास्त्र पाळा. पौल म्हणतो, मुळीच नाही. ख्रिस्ताने आपल्याला मोकळं केलंय, पुन्हा दासत्वाच्या जुवाखाली मान देऊ नका. आणि त्याच पाचव्या अध्यायाच्या तेराव्या वचनात तोच माणूस सांगतो की या स्वातंत्र्याच्या नावाखाली देहवासनांना मोकळं रान देऊ नका, प्रीतीने एकमेकांचे दास व्हा.

वरवर पाहता हा उलटा कारभार वाटतो. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२० साली याच विषयावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं की ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा धनी आहे, कुणाचा ताबेदार नाही. आणि तोच सगळ्यांचा सेवक आहे, सगळ्यांचा ताबेदार आहे. हिशेब मला तरी पटतो. देवाला राजी करायला पुण्य साठवायची गरज उरली नाही, तर चांगलं काम आपल्या खात्यावर जमा करायचीही गरज नाही. ते सरळ शेजाऱ्याच्या कामी येतं. नाहीतर आजाऱ्याला पेज भरवतानासुद्धा अर्धं लक्ष स्वतःच्या स्वर्गाकडे!

पण खरी मेख करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीच्या भांडणात आहे. पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात ते येतं. त्या शहरात देवळांत बळी दिलेल्या जनावरांचं मांस बाजारात यायचं. देवळाला लागून जेवणाच्या खोल्याही असायच्या. तिथल्या अस्क्लेपिओस या आरोग्यदेवाच्या देवळाजवळ त्या उत्खननात सापडल्या आहेत. मंडळीतले शहाणे म्हणायचे, मूर्ती काही नाहीच, मग मांस खायला काय हरकत? पौल त्यांना चूक ठरवत नाही. तुमचं ज्ञान बरोबर आहे, असंच म्हणतो. फक्त पुढे सांगतो की माझ्या खाण्याने कच्च्या मनाचा भाऊ विश्वासात अडखळत असेल, तर मी जन्मात मांस खाणार नाही.

आमच्याकडे हा प्रश्न दर भाद्रपदात डब्यातून येतो. शेजारच्या काकू मोदक पाठवतात. खायचे की नाही यावर ख्रिस्ती घरांत एकमत नाही, मी खाते. पण मंडळीत नुकत्याच आलेल्या एक ताई त्या दिवशी घरी असतील, तर तो डबा मी ओट्यावरच ठेवते. त्या बरंच काही मागे सोडून आल्या आहेत, त्यांच्या मनातली घालमेल अजून संपलेली नाही. मोदक काय, संध्याकाळी खाता येतो.

इथे पौल कुणाला आवर घालायला सांगतो ते बघा. ज्याच्याकडे ज्ञान आहे, पत आहे, त्याला. अडखळणाऱ्याला तो ‘तू गप्प बस’ म्हणत नाही. पुढच्याच अध्यायात स्वतःबद्दल लिहितो की मंडळीकडून पोटापाण्याचं घ्यायचा मला हक्क आहे, पण मी तो वापरला नाही. हक्क सोडायचा तर ज्याचा आहे त्याने सोडायचा. दुसऱ्याला सोडायला लावायचा नाही.

आमच्या मंडळ्यांत नेमकं उलटं चालतं, हे लिहिल्यावाचून राहवत नाही. वर्धापनदिनाच्या जेवणात चुलीजवळची सेवा सुनांकडे, पत्रावळ्या उचलायची सेवा गरीब घरच्या पोरांकडे, आणि व्यासपीठावरची सेवा ठरलेल्या चार आडनावांकडे. वर ‘दास व्हा’ हे वचन त्या सुनांनाच ऐकवायचं. याला मी बिनपगारी राबवणं म्हणते.

पंडिता रमाबाईंकडे बघा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या धर्माधिकाऱ्यांचा शब्द निमूट मानला नाही. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. इकडच्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने उतरवलंय, तसलंच दुसरं घेणार नाही, असं १८८५ मध्ये त्यांनी कळवलं होतं. याच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील आधीच्या एका दुष्काळात गेले होते. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी मुक्ती मिशन हा आश्रम उभा राहिला, मुली विणकाम शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथेच छापलं गेलं. बिशपपुढे मान न तुकवणारी बाई त्या पोरींसाठी आयुष्यभर राबली, आणि यातलं काही तिला कुणी फर्मावलेलं नव्हतं.

तेव्हा तुमच्या मैत्रिणीला एकदा निवांत विचारा, ‘या आठवड्यात नाही म्हणालीस तर?’ ‘पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) काय म्हणतील’ असं उत्तर आलं, तर तिला खुशाल सुट्टी घ्यायला लावा. ‘मग त्या मावशींना डायलिसिसला कोण नेणार?’ असं म्हणाली, तर एखाद्या दिवशी तुम्हीही बरोबर जा. चार तास बसावं लागतं, तिलाही सोबत होईल.