खड्ड्यात आदळून अलॉय व्हील वाकलं, हवा उतरते. रिपेअर करू की नवीन घेऊ? बाहेरून लावायचं टीपीएमएस (टायरमधली हवा सांगणारं यंत्र) कामाचं आहे का?

नुसतं वाकलं असेल तर रिपेअर. तडा गेला असेल तर भंगारात. तडा वेल्डिंगने बुजवू नका, कोणी फुकट करून देत असेल तरी नको. टीपीएमएस घ्या. तुमचं उत्तर इथेच संपलं. पुढचं मी माझ्यासाठी लिहितोय, कारण हा वाद आमच्या घरात तीन वर्षांपासून चालू आहे.

आम्ही दारव्ह्याकडचे. माझ्या सेकंडहँड गाडीला १४ इंची स्टीलच्या डिस्क (साधे रिम) होत्या, १७५/६५ चे टायर. रपट्यावर आदळून डिस्क वाकली की पंक्चरवाला घणाचे चार ठोके मारून सरळ करून द्यायचा. मोठ्या साळ्यांनी एका लग्नात गाडी पाहिली. म्हणाले, "जवाईबापू, गाडी चांगली हाय, पण चाकं ऑटोवाणी दिसते. मॅगव्हील टाका." त्यांच्याच ओळखीतून मॅगव्हीलचा, म्हणजे अलॉयचा, १६ इंची जुना सेट आला, १९५/४५ च्या टायरसकट बावीस हजारांत. चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच राहते, स्पीडोमीटर चुकत नाही, हे मान्य. पण रबराची भिंत आधी साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास होती, ती पावणेनऊवर आली. आमच्याकडे सगळी काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा डांबरी रोड तिच्यासोबत वरखाली होतो. त्या रोडवर अडीच सेंटिमीटर रबर विकून मी चमक घेतली.

पहिल्याच पावसाळ्यात पुढचं डावं चाक हवा सोडू लागलं. संध्याकाळी ३३ पीएसआय, सकाळी २६. टायर पाण्यात बुडवला, खिळा नाही. व्हॉल्व्ह बदलला, तरी तेच. तिसऱ्यांदा टायर उतरवला तेव्हा रिमच्या आतल्या कडेला बोटभर तडा दिसला. बायको म्हणाली, "जुन्या डिस्क कोठ्यात पडून हायेत, त्याच लावा." साळे म्हणाले, "आरगॉन मारून आणतो, कोणाले समजणार बी नाई." आणलं आरगॉन वेल्डिंग करून, वरून चंदेरी रंग फासून. मी जवाई माणूस, गप्प बसलो. तिथे चुकलो.

हे चाक बहुतेक वेळा ओतीव ॲल्युमिनियमचं असतं. ओतल्यावर तापवून, पाण्यात विझवून, पुन्हा मंद आचेवर ठेवून त्यात ताकद आणलेली असते. वेल्डिंगने तडा बुजतो, पण त्या आचेनं आजूबाजूचा धातू नरम पडतो. पुढचा तडा मग वेल्डच्या शेजारून जातो.

मनात धाकधूक होतीच, म्हणून टीपीएमएस घेतलं. व्हॉल्व्हवर फिरवायची चार टोपणं आणि डॅशबोर्डवर सोलर डबी. (मे महिन्यात डबीची चिकटपट्टी वितळते आणि डबी पायाशी पडते, ते धरून चाला.) उन्हाळ्यात एकदा दुपारी ती ओरडली, कारण सकाळचे ३३ पळून पळून ३९ झाले होते. साळ्यांनी उतरून चारही चाकांची हवा सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळीकडे २८, आणि वर मलाच म्हणाले, "पाहा, तुमची मशीन खोटी." गरम टायरची हवा वाढतेच हो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो.

मग दिवाळीनंतरची गोष्ट. मामाजींना (सासऱ्यांना) डोळे दाखवायला नागपूरला न्यायचं होतं. कारंज्याहून समृद्धी महामार्गावर चढणार, स्टेअरिंगवर साळे. पहाटेची थंडी. डबी ओरडली, पुढचं डावं ३०. साळे म्हणाले, "ते खेळणं बंद करा. थंडी हाय, हवा कमीच दाखवन." थंडीत हवा उतरते हे खरंच आहे. पण बाकीची तीन चाकं ३३, ३३, ३२ होती. थंडी काय एकाच चाकाला वाजते? २७ झाले. २४ झाले. नाक्याच्या अलीकडे मी अक्षरशः ओरडून गाडी थांबवली. टायर उतरल्यावर पाहिलं तर वेल्डला लागूनच नवा तडा. पुढे १२० ची परवानगी असलेला रोड होता आणि मागे मामाजी बसले होते, एवढंच सांगतो.

स्टेपनी काढली, ती जुन्या स्टीलच्या डिस्कचीच, तर तिच्यात १२ पीएसआय. ही डबी चार चाकं सांभाळते, पाचव्याला कोणी विचारत नाही. वरून मॅगव्हीलचे नट स्टीलच्या डिस्कवर नीट बसेनात, जुने नट घरी. पुतण्या मोटरसायकलवर नट आणि पंप घेऊन येईपर्यंत दीड तास मामाजी चिवडा खात बसले होते. साळे आजही म्हणतात वेल्डिंग चांगलंच होतं, खड्डा मोठा होता. अहो भाऊ, त्याहून मोठे खड्डे स्टीलच्या डिस्कने पचवले होते!

तुमच्या चाकाचं म्हणाल तर टायर उतरवून आतली कड पाहा, बॅलन्सिंग मशीनवर फिरवून किती डुलतं ते पाहा. तडा नसेल तर प्रेसवर सरळ होतं. डायमंड कट फिनिश (लेथवर कापून चमकवलेला दर्शनी भाग) असेल तर दर वेळी लेथवर थोडा धातू उतरतो, ते वारंवार करता येत नाही. एकच नवीन घेणार असाल तर पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते), मधलं भोक आणि नटाची बैठक जुळवूनच घ्या.

बाहेरच्या टोपणांसाठी रबरी व्हॉल्व्ह काढून धातूचे लावा, जास्त वेगात टोपणाच्या वजनाने रबर हलतं. आत बसवायचे सेन्सर घेतलेत तर पंक्चरवाल्याला आधी सांगा, नाहीतर टायर उतरवताना तोडून ठेवेल. पंक्चरचं लिक्विडही त्यात भरू नका. नायट्रोजनच्या नादी लागू नका, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

गाडीला कंपनीचं टीपीएमएस असेल तर आधी त्याचा प्रकार बघा. काही गाड्यांत ते एबीएस ब्रेकच्या, चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवरून अंदाज बांधतं, आकडा दाखवत नाही, आणि हवा भरल्यावर रीसेट करावं लागतं. २०२० च्या नियमाप्रमाणे टीपीएमएस आणि पंक्चर किट दिलं तर कंपनीला स्टेपनी न देण्याची मुभा आहे. आमच्या भागात तशी गाडी घेऊ नका, किटने टायरचं भोक बुजतं, रिमचा तडा नाही.

बाहेरच्या कडेचा नुसता कपचा उडाला असेल तर तो भरून देणारे चांगले कारागीर आहेत, हेही सांगून ठेवतो. फोटो टाकणार असाल तर आतल्या कडेचा टाका, बाहेरचा नको.